करपलेल्या रानातली हिरवी ओळ

१

सगळं रान करपलेलं असताना एक ओळ हिरवीगार उभी होती, आणि नेमका हाच गुन्हा होता.

संशोधन केंद्राच्या टोकाला, पाखरांसाठी जाळी लावलेला जमिनीचा एक तुकडा होता. त्याला सगळे कोरडं रान म्हणत. ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस फुटायच्या बेताला आलं, की इथलं पाणी तोडायचं, ते कापणीपर्यंत परत द्यायचं नाही. आभाळ भरून आलं तर रुळांवरचं भलंमोठं छप्पर ढकलत आणून पिकावर उभं करायचं. थेंब म्हणून पडू द्यायचा नाही. नाना जातींच्या ज्वाऱ्या अशा उन्हात तहानलेल्या ठेवायच्या आणि कोण तगतं, कोण माना टाकतं ते बघायचं, हा इथला उद्योग. ऐकायला निर्दय वाटतो, पण उद्याच्या उन्हाळ्यांना पुरून उरणारं बियाणं असंच निघतं.

आणि या उपाशी पंगतीत एकजण चोरून जेवलेला दिसत होता.

"पाहणी समिती आली, ती ओळ बघून खूश झाली," संचालक सांगत होते. "तेवढ्यात त्यांच्यातलाच एक म्हणाला, इतकी हिरवी? पाणी पाजलंय कोणीतरी! झालं. सगळ्यांची तोंडं फिरली. मॅडम, केंद्राची अब्रू गेली."

समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी डोळे मिटले होते. मुख्य कार्यालयाच्या त्या चौकशी अधिकारी. कुठे काही चोरीला गेलं, हरवलं, नको तिथे सापडलं की त्यांना पाठवलं जाई. वय निवृत्तीला टेकलेलं, अंग सैल, आणि बसल्या जागी पेंगायची अशी सवय की सगळं कार्यालय त्यांना डुलकीबाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि राग नव्हता. माणसं अधिकाऱ्यासमोर तोलून बोलतात, झोपलेल्या म्हातारीसमोर मोकळी बोलतात, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव होता. शिवाय झोपही खरोखरच यायची.

"मग पुढे काय करणार?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"करायचं काय? उद्या सकाळी सगळं रान नांगरून टाकतोय. काठाच्या ओळी आज दुपारीच निघतील. त्या तशाही आधीच कापतात."

"काठाच्या म्हणजे?"

"रानाच्या कडेला भरतीसाठी पेरलेल्या. उरलंसुरलं बी टाकतो त्यात. कडेला मोकळी जागा जास्त, म्हणून त्यांचं वजन कधीच खरं येत नाही. मोजायच्या नाहीत, पिशव्या घालायच्या नाहीत, बघायच्याही नाहीत. पिकं सुधारणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवतात." संचालक टेबलावरची धूळ बोटानं पुसत थांबले. "खरं सांगू का, मला ती जागा मक्यासाठी कधीची हवी होती. पण अशी नको होती."

डुलकीबाईंनी एक डोळा उघडला, संचालकांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

२

ज्या बाईंची ती ओळ होती त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्यांचे धाकटे दीर याच केंद्रात बियाणांची शीतखोली सांभाळायचे. ते वहिनी म्हणत, म्हणून संचालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. आणि त्या भावजी म्हणत, म्हणून दीर सगळ्यांचे भावजी झाले. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. त्यामुळे घरी काय आणि कामावर काय, हीच दोघं एकमेकांना.

वहिनींच्या खोलीत उंच खिडक्या होत्या आणि भिंतीला वाळकी कणसं टांगलेली होती. ऊन काचेतून येऊन त्यांच्यावर थांबलं होतं. सगळी खोली मधात बुडवल्यासारखी दिसत होती, आणि डुलकीबाईंना क्षणभर आपण इथे कशाला आलो तेच आठवेना.

"पाणी तुम्ही घातलंत का?"

"घालायचंच असतं तर एकाच ओळीला कशाला घातलं असतं?" वहिनी म्हणाल्या. "सगळ्याच माझ्यादेखत वाढलेल्या. रोज जीव तुटतो त्यांच्याकडे बघून."

"बाकीच्या पिवळ्या पडल्या त्या तहानेनं?"

"तहानेनं, आणि दाण्यानं. दाणा भरायला लागला की झाड पानांतलं होतं नव्हतं ते ओढून कणसाला देतं. आईच्या अंगावरचं बाळाच्या अंगाला लागावं तसं. पान वाळतं, दाणा भरतो."

"मग तुमची ओळ वाळली नाही म्हणजे जास्त ताकदीची म्हणायची."

 पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. डुलकीबाईंची मान हळूहळू खाली आली. मग वहिनी स्वतःशीच बोलाव्यात तसं बोलल्या.

"हिरव्या राहून दाणा भरणाऱ्या जाती असतात. चांगल्या असतात. माझी तशी नाही. माझी लवकर वाळते. गेल्या वर्षी समितीनं तिला लांबूनच बघितली, वाळलीये म्हणाले आणि बाद केली. कणीस तोललंसुद्धा नाही. यंदा भांडून परत उभी केली मी."

"मग ती हिरवी दिसली तेव्हा बोलला का नाहीत?"

"कारण मला ते खरं असायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, पोरगी बदलली माझी. आणि कणीस उघडून बघायची सोय नाही. फुलोऱ्याआधी प्रत्येक कणसावर कागदाची पिशवी घालतो, शेजारचा पराग मिसळू नये म्हणून. त्यावर केंद्राचं सील. तोलायच्या दिवसापर्यंत हात जरी लावला तरी ओळ बाद. आणि आता तर मला जाळीच्या आतच सोडत नाहीत."

"समजा नांगर फिरला. बी पुन्हा पेरता येईल ना?"

"कुठलं बी? शीतखोलीचं यंत्र गेल्या उन्हाळ्यात बंद पडलं, त्यात राखीव बी मेलं. जगलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या ओळीत पेरलंय. उद्या नांगर फिरला की माझी ज्वारी जगातून गेली, बाई. तिच्यासारखी दुसरी नाही."

डुलकीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर वहिनी मागून म्हणाल्या, "कोणी पाणी घातलंच असेल ना, तर माझ्या भल्यासाठी घातलं असेल. त्याचीच मला जास्त भीती वाटते."

३

छप्परवाला रुळांच्या कडेला, आपल्याच छपराच्या सावलीत, बादलीत पाय बुडवून बसला होता. त्याला कोणी बादली घेऊन रानाकडे जाताना पाहिलं होतं, आणि त्यावरून अर्ध्या केंद्रानं त्याला फासावर चढवलं होतं.

"ही बघा ती बादली," तो म्हणाला. "आणि हे बघा माझे पाय. या पायधुणीवर ज्वारी हिरवी होत असती तर मी माझ्या पायांचं दुकान काढलं असतं."

शेजारी एक मांजर उताणं पडून झोपलं होतं. डुलकीबाईंना त्याचा हेवा वाटला.

"तुमच्याशिवाय इथे कोण येतं?"

"संचालक येतात, पण उन्हाचं फार थांबत नाहीत. वहिनी यायच्या. आणि भावजी. भावजी तर हल्ली रोज सकाळी जाळीला नाक लावून उभे. पण या मांजरामुळे लांबूनच. याचा एक केस जरी उडाला ना, तरी त्या माणसाच्या शिंका थांबत नाहीत. कुत्रं म्हणू नका, ससा म्हणू नका, अंगावर केस असलेलं काही म्हणून चालत नाही त्यांना. लग्नसुद्धा त्याच्यावरूनच मोडलं म्हणतात, सासऱ्याकडे घोडे होते." छप्परवाला स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला.

उन्हातून आलेल्या माणसाला भावजींची शीतखोली म्हणजे दुसराच देश होता. दार लागलं आणि जगाचा आवाज बंद झाला. तोंडातून वाफ निघायला लागली. फळ्यांवर, डब्यांत, पाकिटांत बियाणं झोपलेलं होतं, आणि जाड कोट घातलेले भावजी त्यांच्यामधून पावलांचा आवाज न करता फिरत होते. डुलकीबाईंच्या मनात आलं, निवृत्तीनंतर आपल्यालाही अशीच एखादी फळी मिळाली तर काय बहार होईल.

काही पाकिटं एकाच दोऱ्यानं जोडीजोडीनं बांधलेली होती. त्यांनी एक जोडी उचलली.

"या कोण?"

"बहिणी आहेत," भावजी जरा थांबून म्हणाले. "दिसायला हुबेहूब. दाणा, रोप, पान, काही म्हणता काही वेगळं नाही. फक्त एकीच्या फुलात पराग असतो आणि दुसरीच्या नसतो. दुसरीला पराग बाहेरून मिळाला तरच ती दाणा धरते. संकरित बियाणं करायला अशी लागते. तिला वांझ म्हटलेलं वहिनींना खपत नाही, म्हणून आम्ही तिला मुकी म्हणतो."

"वहिनींच्या ज्वारीला आहे का मुकी बहीण?"

"आहे. मीच तयार केली." त्यांनी पाकिटं त्यांच्या हातून अलगद काढून घेतली आणि जागेवर ठेवली. "पाण्याचं काही कळलं का?"

"अजून नाही."

"वहिनी तसलं करणार नाहीत. माझं काहीही होवो, त्यांच्यावर येऊ देऊ नका." मग ते म्हणाले, "काठाच्या ओळी आजच कापणार म्हणे? संचालकांना म्हणावं, दोन दिवस थांबा. नाहीतर मी स्वतःच कापून नेतो. घरी शेळ्या आहेत, तेवढाच चारा होईल."

डुलकीबाईंनी मोठी जांभई दिली. थंडीतही त्यांना झोप येत होती.

४

दुपार चढली तेव्हा त्या जाळीच्या आत, छपराच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. समोर ते करपलेलं रान पसरलं होतं. उन्हानं हवा इतकी थरथरत होती की पलीकडच्या इमारती पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलत होत्या. वाळकी पिवळी ताटं, प्रत्येकाच्या डोक्यावर खाकी कागदाची टोपी, आणि मध्येच ती हिरवी ओळ, लग्नात चुकून दुसऱ्याच्याच मांडवात शिरलेल्या माणसासारखी.

बसायच्या आधी त्यांनी एक काम केलं होतं. जमिनीला एक भेग पडली होती आणि ती शेजारच्या पिवळ्या ओळीतून निघून हिरव्या ओळीखालून सरळ पलीकडे गेली होती. गुडघे कुरकुरत असताना त्या खाली बसल्या आणि भेगेत बोटं घातली. कडा सुरीनं कापल्यासारख्या धारदार होत्या, पिवळीखाली तशाच हिरवीखाली. भेगेत एका कोळ्यानं जाळं विणून संसार थाटला होता. इथे एक तांब्याभर पाणी जरी पडलं असतं तरी कडा ढासळल्या असत्या आणि कोळ्याचं घर वाहून गेलं असतं.

म्हणजे पाणी कोणी घातलंच नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर खोकला होता तिथेच. ओळ हिरवी होतीच की!

खुर्चीत बसल्यावर त्यांचे डोळे मिटले. वाऱ्याची एखादी झुळूक जाळीतून येत होती. झोपेत त्यांना वाटलं, आपण लहान आहोत, आजारी आहोत, आणि शेजारच्या खोलीत आई कुणाशी तरी हळू आवाजात बोलतेय. शब्द कळत नव्हते. नुसती कुजबुज. थांबायची, पुन्हा व्हायची. इतकं सुख वाटत होतं की उठूच नये. पण झोपेतही त्यांच्यातला चौकशी अधिकारी अर्धा जागा असायचा, आणि तो विचारत होता: बाकीचे सगळे गप्प का?

त्यांनी डोळे उघडले. झुळूक पुन्हा आली. पिवळ्या ओळींवरच्या पिशव्या जागच्या जागी घट्ट होत्या, पोटभर जेवून बसलेल्या. हिरव्या ओळीवरच्या मात्र फडफडत होत्या, सैल, हलक्या. कुजबुज तिथूनच येत होती, फक्त तिथून.

दाणा पान खातो, वहिनी म्हणाल्या होत्या. ज्या झाडाचं पान कोणी खाल्लंच नाही, ते हिरवंच राहणार!

आणि मग त्यांना शेळ्या आठवल्या, शिंका आठवल्या, आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली तऱ्हा? आणि अख्ख्या केंद्रात ज्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असं शिकवतात, त्या काठाची काळजी एकट्याच माणसाला का?

त्याच वेळी रानाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर सुरू झाला. पाती फिरायला लागली होती.

५

डुलकीबाईंना पळताना कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ते पुढे कित्येक दिवस त्याचंच वर्णन करत होते. एक चप्पल छपराच्या रुळात अडकून राहिली. बाई काठाच्या ओळीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या, आणि ट्रॅक्टरवाल्यानं कचकन ब्रेक मारला. पाती त्यांच्यापासून हातभर अंतरावर फिरून थांबली.

"सगळ्यांना बोलवा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि वहिनींना आत सोडा."

माणसं जमली. संचालक टोपी सावरत आले, छप्परवाला ओल्या पायांनी आला, वहिनी आल्या. भावजी सर्वांत शेवटी आले आणि सर्वांच्या मागे उभे राहिले.

"आधी ती हिरवी ओळ," डुलकीबाई म्हणाल्या. "संचालक, सील तुमचं आहे. तुम्हीच एक पिशवी उघडा."

संचालकांनी कुरकुरत सील तोडलं आणि पिशवी वर ओढली. आत कणीस होतं, पण पोकळ. पाखडताना सुपाबाहेर पडावं तसं नुसतं भुसकट. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसऱ्याला हात लावायच्या आधीच वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "मुकी!"

"मुकीच," डुलकीबाई म्हणाल्या. "पाणी कोणी घातलं नाही. जमिनीतली भेग बघा, कडा कोरड्या ठणठणीत आहेत. ही ओळ हिरवी आहे कारण तिनं दाण्याला काही दिलंच नाही. देणार कुणाला? डोक्यावर पिशवी, पराग बाहेरून येणार कसा? दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि समितीही फसली."

"मग माझी कुठेय?" वहिनींनी संचालकांचा हात धरला. "माझी ओळ कुठे आहे? मी माझ्या हातानं पेरली!"

"तुम्ही पाकिटातलं बी पेरलंत. पाकिटं भरणारा माणूस वेगळा." डुलकीबाई बाजूला झाल्या. त्यांच्यामागे काठाची ओळ होती, ट्रॅक्टरच्या तोंडाशी वाचलेली. ताटं खडखडीत वाळली होती, पानं कागदासारखी गुंडाळली होती, आणि पिशवी नसलेली उघडी कणसं दाण्यांच्या भारानं एकदम वाकली होती. इतके दिवस ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. काठाकडे बघायचं नाही, हा नियम सगळ्यांनी इमानेइतबारे पाळला होता.

"कडेला मुकीचं उरलेलं बी टाकायचं ठरलं होतं, बरोबर ना? ते गेलं मधल्या ओळीत, आणि मधलं आलं कडेला. ही चूक म्हणून खपली असती. पण चूक करणाऱ्याला आपली चूक कुठे आहे ते माहीत नसतं. इथे एकाला माहीत होतं. ही ओळ कापू नका म्हणून तो माझ्याजवळ अजीजी करत होता. शेळ्यांना चारा हवाय म्हणे! मांजराच्या केसानं शिंका येणाऱ्याच्या घरी शेळ्या!"

सगळ्या माना मागे वळल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण भावजींच्या चेहऱ्यावर चोराची भीती नव्हतीच. खूप दिवस जड ओझं उचलून चाललेला माणूस ते खाली ठेवताना दिसतो तसे ते दिसत होते.

"गेल्या वर्षी त्यांनी तिला तोललीसुद्धा नाही," ते म्हणाले. "लांबून बघितली आणि बाद. वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ठरवलं, त्यांना हिरवं बघायचंय ना, हिरवं दाखवू. पहिली पाहणी मुकी पार करेल. मग तोलायला कणसं माझ्याच खोलीत येणार. तिथे मी काठाची कणसं पुढे ठेवली असती. दाणा खरा होता, बाई. फक्त तोंड दुसरीचं लावलं. पाण्याचा संशय येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आल्यावर तोंड उघडलं असतं, तर वहिनींनीच करवलं म्हणाले असते सगळे."

संचालकांनी टोपी काढून हातात धरली. 

६

 वहिनी काठाच्या ओळीत शिरल्या, एक कणीस हातात घेतलं, तळव्यावर चोळलं, फुंकर घातली. भुसा उडून गेला. तळव्यावर टपोरे, पांढरेशुभ्र दाणे राहिले. त्या दाण्यांकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"शेजारच्या सगळ्या कणसांवर पिशव्या होत्या, आणि काठाची दुसरी ओळ रानाच्या पार पलीकडे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुसऱ्या कोणाचा पराग हिच्यावर पडला नाही. शुद्ध आहे ही. पूर्ण शुद्ध आहे."

डुलकीबाई त्यांच्याजवळ गेल्या. आयुष्यभर त्यांनी माणसांची लबाडी शोधून काढली होती, पण असली लबाडी त्यांच्या वाट्याला क्वचितच आली होती, आणि तिचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अहवाल मी लिहिणार आहे. पाकिटांची अदलाबदल झाली, अनवधानानं, एवढंच लिहिलं तर कोणी उलटून विचारणार नाही. पाणी नव्हतं हे सिद्धच आहे. खास बाब म्हणून काठाचं वजन धरायलाही लावता येईल. ओळ वाचेल, दिरांची नोकरी वाचेल. संचालकांनाही ते सोयीचंच आहे."

संचालकांनी घाईघाईनं मान हलवली. त्यांना कुठलीही गोष्ट अनवधानानं झालेली आवडत असे.

वहिनी तळव्यावरच्या दाण्यांकडे पाहत राहिल्या. त्यांना ते किती हवंसं वाटलं, हे डुलकीबाईंना त्यांच्या मिटत जाणाऱ्या मुठीवरून दिसलं. मग त्या वळल्या, पण डुलकीबाईंकडे नाही, भावजींकडे.

"ती वाळते म्हणूनच मी तिला निवडली, भावजी. इतक्या जणींमधून. जमिनीत पाणी नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि मग ती काही शिल्लक ठेवत नाही, सगळं दाण्याला देऊन मोकळी होते. तेच त्यांना दाखवायचं होतं मला. वाळलेलं झाड दाखवून, हा बघा दाणा, असं म्हणायचं होतं. आणि तुम्ही नेमकं तेच झाकलंत. समितीला ती कुरूप वाटली, ते मी समजू शकते. तुम्हालाही वाटली?"

भावजींनी मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. 

"जे झालं तेच लिहा, बाई," वहिनी म्हणाल्या. "काठाचं वजन खरं नसतं, ते मीच नव्या मुलांना शिकवते. खोट्या वजनावर मला ही पुढे पाठवायची नाही. कोणीतरी हिच्या भरवशावर आपलं शेत पेरणार आहे."

"मग यंदाची चाचणी बाद होईल," संचालक म्हणाले. "आणि भावजींना शीतखोलीत ठेवता येणार नाही मला."

"लिहा, बाई," भावजी म्हणाले. "मी सही करतो."

डुलकीबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांची झोप पार उडाली होती. "एक मात्र मी माझ्या अधिकारात लिहिणार आहे," त्या संचालकांना म्हणाल्या. "यापुढे एकही ओळ न तोलता बाद करायची नाही. ते मात्र अनवधानानं राहता कामा नये."

ऊन कलायला लागलं होतं. ट्रॅक्टरवाला यंत्र मागे घेऊन निघून गेला, माणसं पांगली. वहिनींनी पदर खोचला, विळा घेतला आणि काठाच्या ओळीच्या पहिल्या ताटाशी जाऊन बसल्या. भावजी तिथेच उभे होते, जावं की थांबावं न कळून.

"उभे काय राहिलात?" वहिनी वर न बघता म्हणाल्या. "पिशवी धरा. एक दाणा सांडता कामा नये."

भावजी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.